चिंचेखालच्या बंगल्यातलं पाहुणं भूत

दुपारी पावणेतीनला सगळं घर गप्प होतं, आणि त्या गप्पपणात ओट्यावरच्या टोपलीतली एक वाटी आपोआप घसरली.

धुतलेली भांडी उपडी घातली की अर्ध्या-पाऊण तासाने त्यातलं एखादं असं घसरतंच. त्याला कोणी हात लावलेला नसतो. मोठ्या माणसांना हे माहीत असतं, म्हणून ती तिकडे बघतसुद्धा नाहीत. पण तेजल पाच वर्षांची होती. ती दचकून उठून बसली आणि डोळे उघडल्यावर तिला सगळ्यात आधी दिसला तो आईच्या हातातला मोबाइल.

मोबाइलवर आवाज बंद करून एक रंग उडालेला जुना सिनेमा चालू होता. एका बंगल्याच्या लांबलचक व्हरांड्यातून पांढऱ्या साडीतली एक बाई कंदील घेऊन चालली होती. गुडघ्यापर्यंत मोकळे केस, पाठमोरी. चालताना तिचे खांदे बारीक थरथरत होते.

"ही कोण?" तेजलने विचारलं.

सकाळची शाळा शिकवून घरी आल्यावर ज्योत्स्नाला स्वतःची अशी चाळीस मिनिटं मिळत. त्यातली तीस झाली होती आणि ती बेसावध होती. तिने खरं ते सांगून टाकलं.

"ही तुझी आजी."

ही चूक ज्योत्स्नाला पुढे फार महागात पडली.

सिनेमाचं नाव होतं 'चिंचेखालचा बंगला'. चाळीस वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग सायखेड्याला कालव्याच्या सरकारी बंगल्यात झालं होतं. भुताचं काम करणाऱ्या नटीचे केस खांद्यापर्यंतच होते, म्हणून पाठमोऱ्या शॉटसाठी गावातली एक लांब केसांची मुलगी शोधली. ती सतरा वर्षांची सरिता, ज्योत्स्नाची आई. सगळी मिळून एक्केचाळीस सेकंद ती पडद्यावर आहे, आणि त्या एक्केचाळीस सेकंदांना तेव्हा बायका थेटरात डोळे मिटून घेत. भूत हुंदके देतंय, खांदे बघा कसे हलतात, असं सगळे म्हणायचे.

सरिताला जाऊन आता चार वर्षं झाली होती. फोटोंमध्ये तिचे डोळे हमखास मिटलेले. व्हिडिओ काढायला लागलं की ती पोळ्या बघायला आत जायची. ज्योत्स्नाच्या लग्नाच्या सीडीमध्ये ती एकदाच नीट समोर येते, आणि नेमक्या त्याच वेळी व्हिडिओवाल्याने वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या आहेत. त्यामुळे आई चालताना-हलताना पाहायची तर ती त्या बंगल्यात पाठमोरीच पाहावी लागे. ज्योत्स्ना महिन्यातून एखाद्या दुपारी ती पाहायची. हे तिने नवऱ्याला, अमितलाही सांगितलं नव्हतं.

"आजी भूत होती?" तेजलने अगदी हळू विचारलं.

"नाही गं! सिनेमात."

पण 'सिनेमात' या शब्दाचा पाच वर्षांच्या मुलीवर काही परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवसापासून तेजल हॉलमधल्या आजीच्या फोटोखालून धावत जायला लागली. बाथरूमचं दार उघडं ठेवूनच आत बसायची. आठवड्याने तिने स्टुलावर चढून फोटोला आपला स्कार्फ अडकवला. "तिला मी दिसायला नको," म्हणाली.

ज्योत्स्नाने स्कार्फ काढला नाही. त्या स्कार्फाकडे बघत ती बराच वेळ कुकरचं झाकण हातात घेऊन उभी राहिली. ज्या बाईने या मुलीला वर्षभर मांडीवर तेल लावलं, तिलाच ही मुलगी घाबरणार, आणि जन्मभर घाबरणार. का, तर आईने एका दुपारी नीट विचार करून उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी तिने अमितला सांगितलं, "आपण तो सिनेमा पुन्हा करू. विनोदी. पाच मिनिटांचा, मोबाइलवर. बंगला तोच, व्हरांडा तोच. फक्त भूत घरभर फिरतं ते लाइट बंद करायला. पंखे, नळ, गीझर सगळं बंद करत जातं. आणि शेवटी वळतं आणि म्हणतं, दूध झाकलं का?"

अमित हसला, मग हसायचा थांबला. सासूबाईंचं शेवटच्या दिवसांतलं दवाखान्यातलं वाक्य तेच होतं. "करू ना," तो म्हणाला. "रविवारी करून टाकू."

मध्यमवर्गात रविवारी करून टाकायचं म्हणून ठरलेलं कुठलंही काम त्या रविवारी होत नाही.

पहिली चूक म्हणजे अमितने पांढऱ्या साडीसाठी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. साडी कोणी दिली नाही, पण अर्ध्या तासात सेक्रेटरी भामरे काका दारात उभे राहिले. निवृत्त होण्याआधी त्यांनी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत अर्ज तपासले होते, आणि आता तपासायला अर्ज उरले नसल्याने ते सोसायटीतली माणसं तपासायचे.

"भूत ऊर्जाबचत करतं!" गोष्ट ऐकून ते उभ्या उभ्या म्हणाले. "अगं, याला सामाजिक संदेश म्हणतात. हे घरगुती ठेवू नकोस. आपण वार्षिक कार्यक्रमात दाखवू."

मग संदेश असल्यामुळे कलाकार आले. भुताच्या घरात राहणारं कुटुंब आधी तिघांचं होतं, आठवड्यात ते चौदा जणांचं झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवाळे काकूंनी बजावलं, की भुताच्या तोंडी कांद्याचा विषय नको, चातुर्मास आहे. त्यांच्या मिस्टरांना वाटलं, भूत सुशिक्षित असावं. सगळ्यांना सिनेमात काम हवं होतं, मरायचं मात्र कोणालाच नव्हतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची निकिता भूत व्हायला तयार झाली. तिच्या सासूबाई हरकत घेतील अशी सगळ्यांना भीती होती. पण त्यांनी ऐकल्या ऐकल्या होकार दिला, आणि याचं निकिताला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

राहता राहिला बंगला. तो अजून कालव्याच्या कचेरीच्या ताब्यात होता. भामरे काका स्वतःहून बरोबर आले. अर्जाचा वास येताच त्यांची चालसुद्धा बदलली.

टेबलामागच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला. "प्रयोजन काय?"

"शूटिंग," ज्योत्स्ना म्हणाली. "घरगुतीच. भुताचा विनोदी सिनेमा."

"भूत कुठलं?"

"बंगल्यातलं."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ही शासकीय वास्तू आहे. तिच्यात भूत असल्याची आमच्याकडे नोंद नाही."

"नाहीच आहे हो. सिनेमात आहे."

"आज तुम्ही दाखवणार. उद्या कोणी माहितीच्या अधिकारात विचारलं, की बंगला नक्की कोणाच्या ताब्यात आहे, तर मी काय उत्तर देऊ?"

ज्योत्स्नाने अर्ज पुन्हा वाचला. ज्या भुतासाठी आपण परवानगी मागतोय ती आपली आई आहे, हे त्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

भामरे काका पुढे झुकले. "साहेब, भूत बाहेरून आलेलं दाखवलं तर?"

भाऊसाहेब विचारात पडले. "म्हणजे मुक्कामी नाही?"

"मुक्कामी नाही. सकाळी दहाला येणार, काम करून पाचला जाणार."

"मग पाहुणे म्हणून बसवता येईल," भाऊसाहेब म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बरोबरीचा माणूस बऱ्याच वर्षांनी भेटला होता.

अर्ज पुन्हा लिहिला गेला. 'सदर भूत हे उक्त विश्रामगृहाचे रहिवासी नसून केवळ पाहुणे म्हणून येत आहे व सायंकाळी पाच वाजता निघून जाईल.' खाली ज्योत्स्नाने सही केली. सही करताना तिला उगाच वाटलं, आईला यायला एवढाच वेळ आपण लिहून देतोय.

"दिवाळीपर्यंत तारखा नाहीत," वही चाळत भाऊसाहेब म्हणाले. "हे मधले पंधरा दिवस तेवढे कोणी घेत नाही. यातली घ्या कुठलीही."

कोणी का घेत नाही, हे ज्योत्स्नाने विचारलं नाही. मधली एक तारीख तिने घेतली. घरी स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली होती. पण तिच्यावर सिलिंडर कधी लावला तेवढंच बघायची तिला सवय होती. वडिलांना तिने फोन केला. "दादा, आम्ही अमक्या तारखेला बंगल्यावर येतोय. शूटिंग झालं की घरी चहाला येऊ." दादांनी तारीख पुन्हा एकदा विचारली आणि "या," एवढंच म्हणाले. धनराज दादा सायखेड्यात एकटेच राहायचे आणि फोनवर सगळ्यालाच "या" म्हणायचे.

ते पंधरा दिवस पितृपक्षाचे आहेत, हे तिला आदल्या दिवशी कळलं. एकामागून एक फोन यायला लागले. पितृपक्षात आमच्यात नवीन काही करत नाहीत. भुताचं तर नाहीच नाही. आमच्या सासऱ्यांची तिथी आहे. संध्याकाळपर्यंत चौदा जणांच्या कुटुंबातले दहा गळाले. घरचे तिघे सोडले तर उरले भामरे काका, कारण अर्जावर त्यांचीही सही होती, आणि निकिता, कारण तिच्या सासूबाईंची अजूनही हरकत नव्हती.

*

बंगल्यावर ते पाच जण पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं. ज्योत्स्ना, अमित, तेजल, भामरे काका, आणि मागच्या सीटवर केसांना गंगावन जोडून, तोंडाला तांदळाचं पीठ फासून बसलेली निकिता. भुताचे सिनेमे रात्री करतात, पण सरकारी परवानगी दहा ते पाचची होती.

दारात मंगळू नावाचा चौकीदार होता. पेठ तालुक्याकडचा, शांत माणूस. त्याने परवानगीचा कागद बोट ठेवून पूर्ण वाचला आणि वही पुढे केली.

"पाहुन्यांनी नाव ल्ह्यायचं."

"आम्ही सगळे लिहितो," अमित म्हणाला.

"तुमचं नाय. कागदावर पाहुनं हे एकच. भूत." त्याने निकिताकडे अदबीने पेन धरलं.

निकिताने लिहिलं. नाव: भूत. कुठून आले: इंदिरानगर. कोणाला भेटायचे: या रकान्यापाशी ती अडली. तिने ज्योत्स्नाकडे पाहिलं. ज्योत्स्ना तेजलकडे पाहत होती. तेजल व्हरांड्याच्या पायरीपाशी थिजली होती आणि तिच्या मुठीत अमितची पँट घट्ट धरलेली होती.

"आत आजी आहे?" ती म्हणाली. "मी नाही येणार."

निकिताने रकान्यात लिहिलं, 'तेजल'.

काम सुरू झालं. व्हरांडा सिनेमातल्यासारखाच होता, फक्त आता त्यात पाण्याची निळी टाकी ठेवलेली होती. कंदील लावला, तो उन्हात दिसेना. आजूबाजूच्या घरांवर पितरांचे घास ठेवले होते आणि पंचक्रोशीतले कावळे तिथे जमले होते. भामरे काका म्हणाले, "नैसर्गिक पार्श्वसंगीत. बाहेर याला पैसे पडतात." निकिता मात्र भुतासारखी चालेना. ती शेवटची सिटी बस गाठायची असल्यासारखी चालायची. खांदे हलव म्हटलं तर ते व्यायाम केल्यासारखे हलायचे. एकदा गंगावन दाराच्या कडीत अडकलं, एकदा पिठाने तिला शिंका आल्या. बारा वेळा झालं. तेजल एवढा वेळ पायरीवर व्हरांड्याकडे पाठ करून बसून राहिली. ज्योत्स्नाला मनातून समजलं होतं, की हे काही हसण्यासारखं होणार नाही. एका मुलीची भीती घालवायला आपण दुसऱ्या बाईला पीठ लावून उन्हात उभं केलंय.

तेराव्यांदा निकिता पाठमोरी चालायला लागली आणि व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी साडी, हातात रिकामी पिशवी, धाप लागलेली. ते केस पाहून ती जागच्या जागी थांबली.

"सरे?" ती म्हणाली.

क्षणभर कावळेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. मग निकिता वळली.

"आगं बया! ही तर दुसरीच कोनी." म्हातारीने डोळ्याला पदर लावला, पण लगेच सावरून कामाला लागली. "लगीन झालंय ना गं तुझं?"

"हो," निकिता म्हणाली.

"मालक हायेत?"

"बँकेत आहेत."

"मंग चल लौकर. जेवायला चल."

ज्योत्स्ना धावत आली. तिने म्हातारीला ओळखलं. आईची लहानपणापासूनची मैत्रीण, शेजारची यशोदाबाई. "यशोदामावशी, अहो, शूटिंग चालू आहे. तिला कुठे नेताय?"

यशोदाबाईने तिला खालपासून वर पाहिलं. "कुठं म्हंजे? तुझ्याच बापाच्या घरी. आज अविधवा नवमी नाय का? ठरलेली सवाष्न तिसऱ्या घरच्या वड्यांनी आडवी झाली. गावात एक बाई मोकळी नाय. दोन वाजायला आले, धनराज पान मांडून उपाशी बसलाय. म्हनला, बंगल्यावर बाया आल्यात, बघ एखादी."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने आजच्या दिवशी सवाष्ण जेवते. ज्योत्स्नाच्या आईच्या नावाने जेवते. हा दिवस तिने कागदावर सही करून घेतला होता, आणि तो कोणता आहे हे तिला माहीत नव्हतं.

"मी बसते ना," ती म्हणाली.

"तू लेक. लेकीनं वाढायचं." यशोदाबाईने पदराने निकिताच्या तोंडावरचं पीठ पुसलं. "आन ही पांढरी साडी काढ आधी. हिरवी देते माझी. असल्या अवतारात कोनी जेवतं?"

मंगळूने वहीत लिहिलं, भूत १.५० ला जेवायला गेले.

*

दादांनी पाटाभोवती रांगोळी घातली होती. त्यांना ती येत नव्हती, म्हणून नुसत्या रेघा होत्या. खीर, कढी, वडे, गवारीची भाजी, पुरणपोळी. निकिताच्या कपाळाला कुंकू लागलं, ओटी भरली, आणि ती अवघडून जेवायला बसली. ज्योत्स्ना वाढत होती. तिला दादांकडे बघवत नव्हतं.

"दादा, तुम्ही सांगितलं नाही," ती शेवटी म्हणाली.

"मला वाटलं, तू तिथी बघूनच तारीख घेतली," दादा साधेपणाने म्हणाले. "बरं वाटलं मला."

ज्योत्स्ना खिरीचं भांडं घेऊन आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली.

तिसरी पोळी खाताना निकिताला धीर आला. "दादा, काकू त्या शॉटमध्ये कशा चालल्या हो? मला सकाळपासून जमत नाहीये. ते खांदे, ते रडणं..."

"रडत कुठं होती?" दादा म्हणाले. "हसत होती ती."

ज्योत्स्नाचा हात थांबला.

"मी समोरच होतो ना, खांबाआड. माझ्या हातात चकचकीत पत्रा दिला होता, तिच्या केसांवर ऊन पाडायला. वीस वर्षांचा होतो. ती चालत आली, तिच्याकडे बघता बघता मी पत्रा उलटा धरला. सगळं ऊन माझ्याच तोंडावर. डोळे मिटले, तोंड वाकडं झालं. ते बघून तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तिनं. डायरेक्टर मागून ओरडतोय, खांदे हलवू नको! म्हणून ते तसे हलतात." दादांनी तुपाची वाटी निकिताकडे सरकवली. "माणसं चाळीस वर्षं घाबरली. आम्ही दोघं घरी, टीव्हीवर सिनेमा लागला की आवाज बंद करून बघायचो."

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही. तिनेही नाही."

"कोनत्या पोरीनं सांगावं, की परक्या पोराला बघून हसली म्हनून?" यशोदाबाई मधेच म्हणाली. "दोन वर्सांनी त्याच्याच संगं लगीन झालं, तवा मला म्हनली."

तेजल दादांच्या मांडीला टेकून वडा खात होती. वडा तोंडात तसाच ठेवून तिने विचारलं, "आजी हसत होती?"

"लय," आजोबा म्हणाले.

*

चारला ते परत बंगल्यावर गेले. या वेळी दादाही आले, हातात पितळी परात घेऊन. निकिताला झोप आली होती आणि तिला पुन्हा पीठ लावायला कोणी धजेना. यशोदाबाईने बजावलं होतं, आज तिच्या कपाळाचं कुंकू पुसायचं नाही. पाठमोरी तर चालायचं होतं. पांढरी साडी पुन्हा नेसून, मोकळे केस सोडून, कुंकू लावलेलं भूत व्हरांड्यात उभं राहिलं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला दादांनी परात धरली.

"उलटी धरा, आजोबा," तेजल म्हणाली. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी होती. कधी गेली, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दादांनी परात उलटी धरली. ऊन त्यांच्या तोंडावर पडलं, डोळे मिटले, मिशी एका बाजूला गेली. निकिता चालायला लागली. चार पावलं गेली आणि तिचे खांदे थरथरले. समोरून तेजलचं हसणं ऐकू आलं, मोठ्याने, खूप दिवसांनी. अमित श्वास रोखून शूट करत होता.

आता शेवट. आता भूत वळणार आणि विचारणार, दूध झाकलं का.

निकिताचा खांदा वळू लागला, आणि ज्योत्स्नाला अचानक कळलं, की वळल्यावर तिथे निकिताच असेल.

"बस," ती म्हणाली. "झालं."

"अगं, वाक्य राहिलं!" भामरे काका कळवळले. "संदेश राहिला!"

"राहू दे, काका."

पाच वाजायला पाच कमी असताना मंगळूने वही आणली. "पाहुनं निघालं का?"

निकिताने जायची वेळ लिहिली आणि सही केली. नियम पाळला गेला म्हणून भामरे काकांचं थोडंफार समाधान झालं. चांदोरी गाव मागे पडेपर्यंत ते आणि निकिता मागच्या सीटवर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला माना टाकून झोपले होते.

तेजल ज्योत्स्नाच्या मांडीवर होती. बाहेर द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या. ज्योत्स्नाला वाटलं, हीही झोपली.

"आई," तेजल म्हणाली, "घरी गेल्यावर मी स्कार्फ काढते. आजीला दिसत नसेल."

"काढ."

"आजीला आजोबा समोर दिसत होते. म्हणून ती तिकडे चालली होती. आपल्याकडे पाठ करून नव्हती चालली."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली.

मग तेजलने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला.

"तू भूत झालीस ना, की तू माझ्याकडे बघत चाल हां. चालशील ना?"